मधुमेह नाही तरी साखर वारंवार घसरते: इन्सुलिनोमा सिद्ध कसा करायचा, शोधायचा कसा, काढायचा कसा

पऱ्हाटी (ग्रामीण रुग्णालय, यवतमाळ जिल्हा)
मंडळी, एका प्रकरणाच्या निमित्तानं पूर्ण क्रम एका जागी लिहून हवा आहे. चाळिशीतली बाई. मधुमेह नाही, शुगरची कुठलीच गोळी नाही, असं घरचे सांगतात. सकाळी काही न खाता वेचणीला गेली की बरळते, घामानं चिंब होते, माणसं ओळखत नाही. फिटच्या गोळ्या चालू आहेत, बाहेरचं पाहूनही झालं. परवा आमच्याकडे ग्लुकोमीटरवर ४१ आलं. २५ टक्के डेक्स्ट्रोजची १०० मिलि बाटली दिली आणि पाच-दहा मिनिटांत घरी जायचं म्हणू लागली. आता सरळ सीटी सांगू का? तालुक्याला आपण काय करून पाठवलं तर तिचे पुढचे फेरे वाचतील?

सेवाग्रामकर
सीटी आत्ता अजिबात नको. या आजारात चुका होतात त्या क्रम उलटा झाल्यानं. आधी रक्तानं सिद्ध करायचं, मग जागा शोधायची, मग सुरी.

कारण साधं आहे. इन्सुलिनोमा, म्हणजे स्वादुपिंडातली इन्सुलिन बनवणारी गाठ, वर्षाला दहा लाखांत एक ते चार जणांना होतो. दहांतल्या साधारण नऊ गाठी एकट्या असतात, तितक्याच कर्करोग नसलेल्या, आणि तितक्याच दोन सेंटीमीटरहून लहान. एवढी गाठ साध्या सीटीत सहज निसटते. मग रिपोर्ट 'नॉर्मल' येतो, घरचे निश्चिंत होतात आणि बाई पुन्हा फिटच्या गोळ्यांवर. उलटही होतं. स्वादुपिंडात भलतीच, निरुपद्रवी गाठ दिसते आणि जो आजारच नाही त्याचं ऑपरेशन ठरतं.

तुमच्याकडे व्हिपलच्या तिकडीतले दोन पाय पक्के आहेत: मेंदूला साखर कमी पडल्याची लक्षणं, आणि साखर देताच ती जाणं. मधला पाय, म्हणजे त्याच क्षणी प्रयोगशाळेत मोजलेली कमी साखर, अजून लंगडा आहे. ग्लुकोमीटरला १०० च्या खाली १५ मिग्रॅ इकडंतिकडं व्हायची मानकातच मुभा आहे. ४१ वर उपचार करायचाच, निदान करायचं नाही.

इतिहास विचारताना 'चक्कर येते का' विचारू नका, चक्कर सगळ्यांनाच येते. विचारायचं ते असं: श्रावण सोमवारी, नवरात्रात, चतुर्थीला त्रास वाढतो का? रात्री उठून भाकर खावी लागते का? वजन वाढलं का? झटक्याच्या वेळचं नंतर आठवतं का? खाल्ल्यावर किती वेळात बरं वाटतं? आणि हे तिला नाही, घरच्यांना विचारा. तिला त्यातलं निम्मं आठवणारच नाही.

झाडीपट्टी
सेवाग्रामकरांना दुजोरा, आणि आपल्या भागापुरतं थोडं. फवारणीच्या दिवसांत घामाघूम, बरळणारा माणूस आला की आधी विषबाधा डोळ्यांपुढं येते. मे महिन्यात तोच माणूस उष्माघाताच्या खाटेवर जातो. दारूचा वास आला तर कोपऱ्यात. चौथ्याला फिट म्हणून फेनिटोइन. प्रत्येकाच्या बोटाला एक पट्टी लावायला अर्धं मिनिट लागतं.

गडचिरोली-गोंदियाकडे आणखी दोन गोष्टी. फाल्सिपेरम मलेरियात साखर आपसूकही पडते, आणि क्विनाइन सुरू असेल तर तेच स्वादुपिंडातून इन्सुलिन पिळून काढतं. त्या तापाच्या दिवसांतले आकडे इन्सुलिनोमाच्या निदानाला वापरू नका, ताप उतरून साखर पुन्हा पडते का ते बघा. दुसरं, उपाशीपोटी मोहाची. यकृताला नवी साखर बनवता येत नाही, साठा संपलेला असतो. पण तिथं इन्सुलिन दबलेलं सापडेल आणि कीटोन (चरबी जळून बनणारे पदार्थ) चढलेले असतील. अशा माणसाला डेक्स्ट्रोजसोबत थायमिन १०० मिग्रॅ द्यायला विसरू नका.

जंतुसंसर्ग, यकृत किंवा किडनी निकामी होणं आणि अॅड्रिनलचा क्षय, हे तिन्ही आपल्याकडे इन्सुलिनोमाहून कितीतरी जास्त. खाटेवर आजारी पडलेल्या माणसाची साखर घसरली तर आधी हे. चालत्याफिरत्या, एरवी ठणठणीत माणसाची पुन्हापुन्हा घसरली तर हा धागा.

दवाईवाला_भाऊ
डॉक्टरसायेब, 'गोळी नाही' यावर विश्वास ठेवू नका बा. घरात कोनाले शुगर हाये का ते इचारा. सासऱ्याच्या ग्लिमेपिराइडच्या गोया अन् सुनेच्या फिटच्या गोया एकाच डब्यात रायतात, दोनी बारक्या. सगळा डबाच आनाले सांगा, रिकाम्या पट्ट्यासकट. बाजारातून आनलेली 'शुगरची पुडी' असन तर तेबी आना, तिच्यात ग्लिबेनक्लामाइड (शुगरचीच गोयी) कुटून टाकलेलं निघू शकते. हातापायाच्या मुंग्यांसाठी कोनी मेकोबालामिनची कॅप्सूल देल्ली असन तर मागचं बारीक अक्षर वाचा. अल्फा लिपोइक अॅसिड असते त्याच्यात.

सेवाग्रामकर
भाऊंनी शेवटी सांगितलेलं फार मोलाचं आहे, बऱ्याच डॉक्टरांच्याही ध्यानात नसतं. अल्फा लिपोइक अॅसिडमुळं (आणि कार्बिमॅझोलमुळंही) काही जणांच्या शरीरात इन्सुलिनविरुद्ध अँटिबॉडी तयार होतात. हिराताचा आजार तो. त्यात इन्सुलिनचा आकडा शेकड्यांत, कधी हजारांत येतो आणि साखर पडते. ऑपरेशनची गरज नसते, बहुतेकांत औषध बंद केल्यावर काही महिन्यांत निवळतं. इन्सुलिन १०० च्या वर दिसलं की गाठ शोधण्याआधी अँटिबॉडी तपासा.

आणि पऱ्हाटी, फेनिटोइन चालू असेल तर लिहून ठेवा. ते इन्सुलिनचं स्रवणं थोडं दाबतं, त्यामुळं चित्र काही काळ धूसर राहू शकतं. एकदम बंद मात्र करू नका.

लॅबवाली_ताई
आता नळ्यांकडे या, कारण निम्मी प्रकरणं इथंच वाया जातात.

पुढच्या झटक्याला बाई आली तर सलाईनची सुई घालताना त्याच सुईतून १० मिलि रक्त ओढा आणि मग लगेच डेक्स्ट्रोज. यात एक मिनिटही जात नाही. नस मिळत नसेल, फिट चालू असेल, तर रक्ताचा हट्ट सोडा आणि साखर द्या.

राखाडी टोपणाच्या फ्लुओराइड नळीत २ मिलि, साखरेसाठी. बाकीचं दोन पिवळ्या टोपणाच्या जेल नळ्यांत: इन्सुलिन, सी-पेप्टाइड (शरीर स्वतः इन्सुलिन बनवतं तेव्हा सोबत सुटणारा तुकडा), प्रोइन्सुलिन (इन्सुलिनचं कच्चं रूप), अँटिबॉडी, आणि सल्फोनिलयुरियाच्या (ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांच्या) तपासणीसाठी थोडं राखून. नळीवर वेळ लिहा, नुसती तारीख नाही. डेक्स्ट्रोज कधी दिलं तेही लिहा.

साध्या नळीत रक्त तसंच पडून राहिलं की पेशी तासाला ५ ते ७ टक्के साखर खातात. सकाळची ६० दुपारी ५० होते आणि नसलेला आजार कागदावर उगवतो. फ्लुओराइडलाही पूर्ण परिणाम करायला तास-दोन तास लागतात, म्हणून नळी बर्फात ठेवा आणि लवकर फिरवा. पांढऱ्या पेशी भयंकर वाढलेल्या असतील, रक्ताचा कर्करोग वगैरे, तर हे आणखी वेगानं होतं.

इन्सुलिनचं उलटं. लाल पेशी फुटल्या की त्यांतलं एन्झाइम इन्सुलिन तोडतं आणि आकडा खोटा कमी येतो. बारीक सुईनं जोर लावून ओढू नका, नळी हलवत बसू नका. रक्त गोठलं की, अर्ध्या तासाच्या आसपास, फिरवा, सिरम वेगळं करून उणे २० वर गोठवा आणि बर्फाच्या पॅकमध्ये पाठवा. एस.टी.च्या टपावर दुपारी दोन वाजता ठेवलेला डबा म्हणजे सिरम शिजवणं आहे. गुलाबी सिरम दिसलं तर पाठवूच नका, पुन्हा घ्या.

आणखी एक. केस-नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर काही यंत्रांवर इन्सुलिन आणि सी-पेप्टाइड खोटे कमी येतात. तपासणीआधी तीन दिवस तरी बंद.

पऱ्हाटी
ताई, हा कागद छापून तातडीच्या खोलीत लावतो. पण झटका आमच्यासमोर येईलच असं नाही. उपाशी ठेवून मुद्दाम आणायचा तर ७२ तासांचा उपवास आमच्याकडे होईल का?

सेवाग्रामकर
ग्रामीण रुग्णालयात नको. रात्री दर तासाला प्रयोगशाळेची साखर निघत नसेल तिथं तो सुरूच करू नये. मेडिकल कॉलेजला भरती करा. '७२' ऐकून घाबरू नका, ती वरची मर्यादा आहे. एक तृतीयांशांचा निकाल १२ तासांत लागतो, दोन तृतीयांशांहून जास्त २४ तासांत, आणि ४८ तासांपर्यंत नव्वद टक्क्यांच्या वर. तुमची पेशंट न्याहारीआधीच पडते, तिला एक रात्र पुरेल असा माझा अंदाज.

शेवटचा घास घेतला ती वेळ शून्य. पाणी हवं तेवढं, चहा-कॉफी नाही, साखर नसलेलीसुद्धा. अनावश्यक औषधं बंद. जागेपणी वॉर्डात फिरायला लावा, खाटेवर झोपवून ठेवू नका. सलाईनची सुई घालून ठेवा, पण त्यातून डेक्स्ट्रोज नाही. (हे सांगावं लागतं. रात्रपाळीला कुणीतरी दयेपोटी 'डी-फाइव्ह' (५ टक्के डेक्स्ट्रोज) लावतं आणि सगळं पहिल्यापासून.) बिस्किटाचा पुडा आणणाऱ्या नातेवाइकाला समजावून ठेवा.

दर सहा तासांनी रक्त, साखर ६० पर्यंत आली की दर तास-दोन तासांनी. प्रत्येक वेळी नाव, वार, शंभरातून सात वजा करत जा, असलं काहीतरी विचारून लिहा. मेंदूची लक्षणं आणि प्रयोगशाळेची साखर ४५ च्या खाली, दोन्ही एकत्र आले की थांबा. तिकडी आधीच पक्की सिद्ध झालेली असेल तर ५५ च्या खाली गेल्यावरही थांबता येतं. नुसता आकडा बघून, लक्षणं नसताना घाईनं थांबवू नका. बारीक, तरुण बायकांची साखर लांब उपवासात ५० च्या खाली जाते आणि त्या धडधाकट असतात.

थांबताना: सगळ्या नळ्या, बोटावर बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट (रक्तातला कीटोन), मग ग्लुकॅगॉन (यकृतातली साखर सोडवणारं हार्मोन) १ मिग्रॅ शिरेतून, १०, २०, ३० मिनिटांनी साखर. मग जेवण.

झाडीपट्टी
सिकलसेल विसरू नका. आपल्याकडे उपवासाला बसवण्याआधी सोल्युबिलिटी तपासणी करून घ्या. एसएस (दोन्ही जनुकं सिकलची असलेल्या) रुग्णाला तहानलेलं ठेवलं तर साखरेच्या आधी सिकलचा झटका येईल. पाणी मोजून पाजा, गरज पडली तर साधं नॉर्मल सलाईन लावा, त्यात साखर नसते. आणि अशा रुग्णाचं एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) वाचू नका, लाल पेशींचं आयुष्यच कमी असल्यानं ते खोटं कमी येतं.

पऱ्हाटी
अपडेट. बाई भरती झाली, चौदाव्या तासाला बरळली. साखर ३८, इन्सुलिन १३ मायक्रोयुनिट, सी-पेप्टाइड २.३ नॅनोग्रॅम, बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट ०.३. ग्लुकॅगॉननंतर अर्ध्या तासात साखर ७४. सल्फोनिलयुरिया निगेटिव्ह, अँटिबॉडी निगेटिव्ह. तिथले डॉक्टर म्हणतात इन्सुलिन तर 'नॉर्मल रेंज'मध्येच आहे?

सेवाग्रामकर
रिपोर्टवरची 'नॉर्मल रेंज' साखर नॉर्मल असलेल्या माणसाची. साखर ३८ असताना इन्सुलिन जवळजवळ शून्यावर हवं होतं. तिथं १३ म्हणजे नळ बंदच होत नाहीये.

साखर ५५ च्या खाली असताना लावायच्या रेषा: इन्सुलिन ३ मायक्रोयुनिट किंवा जास्त, सी-पेप्टाइड ०.६ नॅनोग्रॅम किंवा जास्त, प्रोइन्सुलिन ५ पिकोमोल किंवा जास्त, बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट २.७ मिलिमोल किंवा कमी, ग्लुकॅगॉननंतर साखरेत निदान २५ ची वाढ. तुमच्या बाईच्या ३६ नं वाढली. यकृतात ग्लायकोजेन भरलेलं आहे, इन्सुलिननं कोंडून ठेवलेलं.

सी-पेप्टाइड कशाला, तर बाहेरून टोचलेल्या इन्सुलिनसोबत ते येत नाही. इन्सुलिन भरपूर आणि सी-पेप्टाइड दबलेलं असेल तर घरातल्या इन्सुलिनच्या पेनची चौकशी करा, शांतपणे आणि एकट्यात. काही यंत्रं नव्या बनावटीचं इन्सुलिन ओळखतच नाहीत, तिथं दोन्ही कमी येतील. किडनी खराब असेल तर सी-पेप्टाइड साचून फुगतं. सल्फोनिलयुरियाच्या गोळीत सगळं चित्र हुबेहूब इन्सुलिनोमाचं दिसतं, म्हणून त्या तपासणीवर काट मारू नका. आता सीटी सांगा.

सोनो_सीटी
आता माझं काम. चिठ्ठीवर 'सीटी अॅबडोमेन' एवढंच लिहिलंत तर शिरेच्या टप्प्यातला एकच फेरा होईल आणि गाठ आजूबाजूच्या ग्रंथीत मिसळून जाईल. लिहायचं: स्वादुपिंडाचा प्रोटोकॉल, इन्सुलिनोमाचा संशय, रोहिणीचा टप्पा (औषध रोहिणीत असतानाची चित्रं) हवाच. ही गाठ रक्तानं भरलेली असते, पहिल्या २५ ते ४५ सेकंदांत चमकते, नंतर विझते. काप एक मिलिमीटरचे. तोंडानं पांढरं औषध नको, साधं पाणी पाजा, नाहीतर ड्युओडेनम (लहान आतड्याचा पहिला भाग) उजळून स्वादुपिंडाच्या डोक्याकडचा भाग झाकला जातो. आणि तपासणीसाठी उपाशी ठेवाल तेव्हा डेक्स्ट्रोज चालू ठेवा. सीटीच्या टेबलावर झटका नको.

सीटीत नाही मिळाली तर एमआरआय, डिफ्यूजनसकट. तरी नाही तर एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड: जठरातून आणि ड्युओडेनममधून ग्रंथी अगदी जवळून दिसते, पाच मिलिमीटरची गाठही सापडते. शेपटीच्या टोकाला त्याची नजर थोडी कमी पोचते. सुईनं तुकडा घ्यायची सक्ती नाही, रक्तानं सिद्ध झालेलं असतं. त्यातला खरा फायदा म्हणजे मुख्य नलिकेपासून गाठ किती लांब आहे ते कळतं, आणि सर्जनला तेच हवं असतं.

गॅलियम डोटाटेट पेट (गाठीवरचे सोमॅटोस्टॅटिन रिसेप्टर शोधणारा स्कॅन) सगळीकडे लिहिलं जातं, पण साध्या इन्सुलिनोमावर ते रिसेप्टर बरेचदा कमी असतात, त्यामुळं निगेटिव्ह आलं तर मन लावून घेऊ नका. एक्सेंडिन पेट या गाठीसाठी सगळ्यात तिखट, पण मोजक्या केंद्रांत.

सगळं निगेटिव्ह आलं तर कॅल्शियम देऊन रक्त घेणं. कॅथेटरनं गॅस्ट्रोड्युओडेनल, सुपीरियर मेसेंटेरिक, स्प्लेनिक, अशा एकेका रोहिणीत कॅल्शियम ग्लुकोनेट सोडायचं, किलोला ०.०२५ मिलिइक्विव्हॅलंट, आणि यकृताच्या शिरेतून ०, २०, ४०, ६० सेकंदांना इन्सुलिन. ज्या रोहिणीनंतर दुप्पट झालं त्या भागात गाठ. पहिल्या दोन म्हणजे डोक्याकडे, स्प्लेनिक म्हणजे धड-शेपूट.

काळी_माती
जुन्या पुस्तकात असं होतं की गाठ सापडलीच नाही तर डोळे मिटून शेपटीकडचा अर्धा भाग कापायचा, निम्म्यांना गुण येतो. अजून कुणी करतं का?

पोटाचा_सर्जन
करू नये. इन्सुलिनोमा डोकं, धड, शेपूट यांत साधारण सारखेच वाटलेले असतात. डोक्यातली गाठ तशीच राहिली तर पेशंटला मधुमेहाची वाट दाखवलीत आणि झटकेही ठेवलेत. सापडली नाही तर पोट बंद करा, औषधावर ठेवा, पुन्हा शोधा.

थोडा इतिहास, आवडीचा म्हणून. १९२१ मध्ये टोरांटोत इन्सुलिन सापडलं. १९२७ मध्ये मेयोत (अमेरिकेतल्या, आपल्या नागपूरच्या नव्हे) स्वादुपिंडाची इन्सुलिन बनवणारी गाठ पहिल्यांदा ओळखली गेली, पण ती यकृतात पसरलेली होती. पहिली बरी झालेली केस १९२९ ची, टोरांटोतच, रॉस्को ग्रॅहॅमच्या हातून. सीटी नव्हता, सोनोग्राफी नव्हती, बोटं होती.

बोटं अजूनही लागतात. उघडी पद्धत सांगतो. पोट उघडल्यावर आधी यकृत आणि लसीकाग्रंथी बघायच्या. कोखरची युक्ती करून ड्युओडेनम उचलायचं, म्हणजे डोकं मागं बोटं, पुढं अंगठा असं चिमटीत धरता येतं. जठर आणि आडव्या आतड्यामधला पडदा उघडून ग्रंथी पूर्ण उघडी करायची, खालच्या कडेचं आवरण कापून धड-शेपटी मागून सोडवायची. टोकापासून टोकापर्यंत चाचपायचं. गाठ तांबूस-जांभळट, ग्रंथीहून टणक. मग ७.५ ते १० मेगाहर्ट्झचा प्रोब सरळ ग्रंथीवर, वर सलाईन ओतून. गाठ गडद दिसते आणि तिच्याखालून जाणारी नलिकाही. हात आणि प्रोब मिळून ९५ टक्क्यांच्या वर गाठी सापडतात. एक सापडली म्हणून थांबायचं नाही, उरलेली ग्रंथी बघून घ्यायची.

गाठ लहान, कडा स्पष्ट, आणि नलिकेपासून निदान २-३ मिमी लांब असेल तर नुसती सोलून काढायची. कवचालगतची पातळी सापडली की ती स्वतः वाट देते. गाठीत एक टाका घालून हलकं उचलायचं, चिमट्यानं चिरडायचं नाही. बारक्या रक्तवाहिन्या एकेक क्लिप करून किंवा बांधून सोडवायच्या. तळाशी नलिकेजवळ कॉटरी (विजेनं जाळणं) टाळा. तिथला भाजका आज दिसत नाही, पाचव्या दिवशी गळती होऊन दिसतो. गाठ लगेच फ्रोझन सेक्शनला (ऑपरेशन चालू असतानाच सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी), खड्ड्याशेजारी ड्रेन (आतलं पाणी बाहेर काढणारी नळी).

नलिकेला चिकटलेली शेपटीतली गाठ असेल तर शेपटीचा भाग कापा, जमलं तर प्लीहा वाचवून. डोक्यात, नलिकेला लागून असेल तर कधीकधी व्हिपलचं मोठं ऑपरेशन (स्वादुपिंडाचं डोकं आणि ड्युओडेनम दोन्ही काढणं), पण साध्या गाठीसाठी तो शेवटचा उपाय. गाठ कडक, आजूबाजूला घुसलेली, लसीकाग्रंथी सुजलेल्या असतील तर सोलायचा विचारच नको, कर्करोग समजून काढा.

काळी_माती
दुर्बिणीतून का नाही? सगळीकडे तेच चाललंय.

पोटाचा_सर्जन
जागा आधीच पक्की असेल, धड-शेपटीच्या पुढच्या बाजूला असेल, आणि दुर्बिणीचा सोनोग्राफी प्रोब हाताशी असेल तर जरूर. दिवस कमी लागतात, चीर लहान. पण दुर्बिणीत बोटं नसतात. प्रोब नाही आणि जागा अंदाजे, अशा तयारीनं सुरू केलेलं दुर्बिणीचं ऑपरेशन उघडं करावं लागतं. पेशंट पाठवताना 'ऑपरेशन टेबलावर अल्ट्रासाउंड आहे का' हा एक प्रश्न फोनवर विचारा. इमारत किती मजली आहे त्यापेक्षा ते महत्त्वाचं.

वयस्कर, हृदय कमजोर असलेल्यांसाठी एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंडमधून रेडिओलहरींनी गाठ जाळायची पद्धतही आहे. तरुण, धडधाकट माणसात मी अजून शस्त्रक्रियेकडेच झुकतो.

भूलवाला
माझी भीती एकच: भुलीत पेशंट घामानं सांगत नाही, बरळून सांगत नाही. साखर २५ झाली तरी गप्प पडून असतो.

म्हणून आदल्या दिवशी भरती. रात्री उपाशी ठेवताना १० टक्के डेक्स्ट्रोज तासाला ८० ते १०० मिलि, म्हणजे तासाला ८-१० ग्रॅम. दर दोन तासांनी साखर. पोटॅशियम बघा. इन्सुलिन आणि डेक्स्ट्रोज मिळून ते पेशींत ढकलतात, ३ च्या खाली गेलेलं सकाळी टेबलावर कळलं तर ऑपरेशन पुढं. २५ टक्केवालं हाताच्या बारक्या शिरेतून तासन्‌तास चालवू नका, शीर जळते.

टेबलावर धमनीत सुई, दर १५ मिनिटांनी साखर, गाठ हाताळताना दर ५-१० मिनिटांनी. चाचपताना इन्सुलिनचा लोंढा सुटू शकतो. मी ७० ते १५० मध्ये ठेवतो. गाठ निघाल्यावर अर्ध्या-एक तासात साखर चढायला लागते, तेव्हा डेक्स्ट्रोज उतरवत न्या. पण चढली म्हणजे गाठ निघालीच, असा सर्टिफिकेट देऊ नका. डेक्स्ट्रोज चालू असताना तो पुरावा कच्चा.

पऱ्हाटी
एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंडमध्ये १४ मिमीची गाठ, धड-शेपटीच्या सीमेवर, नलिकेपासून ४ मिमी. तारीख तीन आठवड्यांनी मिळाली. तोवर घरी काय?

सेवाग्रामकर
दर तीन तासांनी खाणं: ज्वारीची भाकर, चणे-फुटाणे, शेंगदाणे. नुसती साखर-गूळ नको, उतारा लवकर येतो. झोपताना कच्चं कॉर्नफ्लोअर चार मोठे चमचे थंड दुधात, शिजवायचं नाही, शिजवलं की लगेच पचतं. पहाटे दोनचा गजर. विहिरीवर, चुलीपाशी, ट्रॅक्टरवर एकटीनं नाही. शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर चार चहाचे चमचे साखर पाण्यात, बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही ओतू नका, कुशीवर वळवून गाडी बोलवा.

एवढ्यावर भागलं नाही तर डायझॉक्साइड (इन्सुलिनचं स्रवणं दाबणारं औषध), दिवसाला किलोमागे ३ मिग्रॅपासून, दोन-तीन भागांत, जास्तीत जास्त ८. पायांना सूज येते म्हणून सोबत हायड्रोक्लोरोथायझाइड (लघवी वाढवणारी गोळी), अंगावर केस वाढतात हे आधीच सांगा. दुकानात सहसा नसते, मागवावी लागते. ऑक्ट्रिओटाइड (इन्सुलिन दाबणारं इंजेक्शन) लिहायचं तर पहिला डोस भरती करून. काहींमध्ये ते ग्लुकॅगॉनही दाबतं आणि साखर आणखी पडते.

तीन आठवड्यांत कॅल्शियम, पॅराथायरॉइड हार्मोन, प्रोलॅक्टिन करून घ्या, आणि घरात कुणाला मुतखडे, पॅराथायरॉइड, पिट्युटरीचा आजार आहे का विचारा. एमईएन-१ (अनेक हार्मोन ग्रंथींत गाठी करणारा आनुवंशिक आजार) निघाला तर गाठी अनेक असतात, ऑपरेशनचा बेत बदलतो. शेपटीकडचं काम म्हणजे प्लीहा जाण्याची शक्यता आहेच. न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस, हिब या लसी ऑपरेशनच्या निदान दोन आठवडे आधी. म्हणजे याच आठवड्यात.

दवाईवाला_भाऊ
महात्मा फुले योजनेच्या कागदाचं आजच पाहा. आरोग्यमित्राले भेटा, रेशनकार्ड अन् आधारवरचं नाव सारखं हाये का ते तपासा. लगनाआधीचं नाव एकावर अन् सासरचं दुसऱ्यावर, इथंच अटकते गाडी.

पऱ्हाटी
ऑपरेशन झालं, सोलून काढली, प्लीहा शाबूत. रिपोर्ट: ग्रेड १, केआय-६७ (पेशी किती वेगानं वाढतात त्याचं माप) दोन टक्के. ड्रेनसकट परत येतेय. पाचव्या दिवसाची साखर २१०, घरचे म्हणतात आता मधुमेह झाला. आम्ही काय सांभाळायचं?

पोटाचा_सर्जन
साखरेचं काही करू नका. इतकी वर्षं दबलेल्या चांगल्या पेशी जाग्या व्हायला काही दिवस, कधी दोन-तीन आठवडे घेतात. सतत २५० च्या वर राहिली तरच थोडं इन्सुलिन, तेही रोज पुन्हा बघून. ग्लिमेपिराइडची चिठ्ठी कुणी लिहू नये.

ड्रेन ही खरी काळजी. सोलून काढलेल्यांत गळती बऱ्यापैकी होते. तिसऱ्या दिवशी किंवा नंतर ड्रेनमधलं अमायलेज (स्वादुपिंडाचं पाचक एन्झाइम) रक्तातल्या वरच्या मर्यादेच्या तिपटीहून जास्त असेल आणि बाई खातपीत, चालतीफिरती असेल तर ती नुसती कागदावरची गळती. ड्रेन राहू द्या, रोज मिलि मोजून लिहा, रंग लिहा. राखाडी, गढूळ झालं, ताप आला, नाडी वाढली, तर आत पू आहे समजा आणि सीटीसाठी परत पाठवा. ड्रेनमध्ये ताजं रक्त दिसलं, थोडं असलं तरी, वाट पाहू नका, त्याच तासाला गाडी. गळतीचं पाणी रोहिणी कुरतडतं आणि मोठ्या रक्तस्रावाआधी असा थोडा इशारा येतो. ड्रेन कमी झाला म्हणून तालुक्याला ओढून काढू नका, ज्यांनी घातला त्यांना विचारून.

सेवाग्रामकर
फिटच्या गोळ्यांचं: साखर स्थिर झाल्यावर न्यूरॉलॉजीला दाखवून हळूहळू कमी करा, एका दिवसात बंद नाही. सहा आठवड्यांनी रात्रभर उपाशी ठेवून साखर, इन्सुलिन, सी-पेप्टाइड, तीच नळ्यांची काळजी घेऊन. ती नीट असेल आणि एमईएन-१ नसेल तर पुढं वर्षाला एकदा पुरे. झटका पुन्हा आलाच तर आधी रक्त, मग डेक्स्ट्रोज.